हाइट्सुंग बदलायची? अनुदान घ्यावे की करसवलत?



ऱ्हाइनकाठी ऑक्टोबर उजाडला की आपल्या मंडळाच्या भेटीगाठींत तीन विषय हमखास निघतात: दिवाळीचा हॉल, भारताच्या तिकिटांचे भाव आणि हाइट्सुंग. पहिल्या दोन विषयांवर सगळेच तज्ज्ञ असतात. तिसऱ्या विषयावर मात्र गेल्या तीन वर्षांत इतक्या अफवा पसरल्या आहेत की खरे काय आणि खोटे काय हेच कळेनासे झाले आहे. कोणी म्हणते गॅसवर बंदी आली, कोणी म्हणते सरकार सत्तर टक्के पैसे देते, तर कोणी म्हणते थांबा, कायदाच रद्द होणार आहे. गंमत म्हणजे या तिन्ही वाक्यांत थोडे थोडे तथ्य आहे, आणि म्हणूनच घोटाळा होतो.

गेल्या काही वर्षांत आपल्यापैकी बऱ्याच कुटुंबांनी गेरेसहाइम, एलर, बेनराथ किंवा शेजारच्या राटिंगन, हिल्डन, एर्कराथ भागात घरे घेतली आहेत. ही घरे बहुतेक जुनी, साठ-सत्तरच्या दशकातली, आणि तळघरात वयस्क गॅसचा किंवा तेलाचा बॉयलर. तो बदलण्याचा खर्च वीस-तीस हजार युरोंच्या घरात जातो, म्हणजे पुण्यात एखाद्या छोट्या फ्लॅटची सुरुवातीची रक्कम सहज भरता येईल. एवढ्या पैशांचा निर्णय ऐकीव माहितीवर घेऊ नये, म्हणून हा लेखप्रपंच. यातले आकडे २०२४ आणि २०२५ मध्ये लागू असलेल्या नियमांचे आहेत.

कायद्याची कहाणी

ज्याला सगळे 'हाइट्सुंग्सगेझेत्स' म्हणतात त्याचे खरे नाव इमारत ऊर्जा कायदा, जर्मनमध्ये गेबॉयडेएनर्गीगेझेत्स. तो मुळात २०२० मध्ये आला. २०२३ साली तेव्हाचे आर्थिक व्यवहार मंत्री रॉबर्ट हाबेक यांनी त्यात मोठी दुरुस्ती आणली: नवी बसवलेली हीटिंग यंत्रणा किमान ६५ टक्के अक्षय ऊर्जेवर चालली पाहिजे. त्यावर देशभर रण माजले. वर्तमानपत्रांनी त्याला 'हाइट्सहामर', म्हणजे हीटिंगचा हातोडा, असे नाव दिले. संसदेतले मतदान जुलै २०२३ मध्ये घटनात्मक न्यायालयाने रोखले, कारण खासदारांना मसुदा वाचायला पुरेसा वेळ दिला नव्हता. शेवटी सप्टेंबरमध्ये कायदा संमत झाला आणि १ जानेवारी २०२४ पासून लागू झाला.

पण या कायद्याने चालू गॅस बॉयलर काढून टाका असे कधीच म्हटले नव्हते. चालू असलेला बॉयलर चालवता येत होता, बिघडला तर दुरुस्त करता येत होता. ६५ टक्क्यांची अट नव्या यंत्रणेला, आणि तीही जुन्या वस्तीत त्या शहराच्या उष्णता आराखड्याशी जोडलेली. एक लाखापेक्षा जास्त वस्तीच्या शहरांना, म्हणजे ड्युसेलडॉर्फलाही, मूळ कायद्यात हा आराखडा करण्यासाठी ३० जून २०२६ ची मुदत होती. लहान गावांना २०२८ पर्यंतची.

एक अट मात्र जुनी घरे घेणाऱ्या आपल्या लोकांना थेट लागू होते आणि ती फारशी कोणी सांगत नाही. तीस वर्षांहून जुने, सतत एकाच तापमानावर चालणारे बॉयलर बदलावे लागतात. जे मालक २००२ च्या आधीपासून स्वतःच्या एक-दोन कुटुंबी घरात राहतात त्यांना यातून सूट. पण घर विकले गेले की सूट संपते आणि नव्या मालकाला दोन वर्षांची मुदत मिळते. म्हणजे जर्मन आजी-आजोबांनी निवांत वापरलेला बॉयलर आपल्या नावावर आला की घड्याळ सुरू! घर बघायला जाल तेव्हा किचन आणि बाग बघण्याआधी तळघरात उतरा आणि बॉयलरवरच्या पट्टीवरचे साल वाचा. भाव करताना त्याचा उपयोग होतो.

२०२५ मध्ये सरकार बदलले. फ्रीडरिख मेर्त्स यांच्या आघाडीने करारातच लिहिले की 'हाइट्सुंग्सगेझेत्स' रद्द करू, मात्र हीटिंगसाठीचे अनुदान चालू ठेवू. या घोषणेमुळे बरेच जण हातावर हात ठेवून बसले. पण कायदा काय सांगतो आणि तुमच्या घरासाठी फायद्याचे काय आहे, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर तुमच्या बिलात असते, बर्लिनमध्ये नाही.

पैसे मिळण्याच्या दोन वाटा

जर्मन सरकार घरमालकाला दोन वाटांनी मदत करते. एक म्हणजे थेट अनुदान आणि दुसरी आयकरात सवलत. एका कामासाठी एकच वाट घेता येते, दोन्ही नाही.

पहिली वाट, अनुदान. हीटिंगसाठी ते काएफवे बँकेकडून मिळते. योजनेचा क्रमांक ४५८, अर्ज २७ फेब्रुवारी २०२४ पासून सुरू झाले. त्याची रचना अशी:

- मूळ अनुदान ३० टक्के. हे सर्वांना, भाड्याने दिलेल्या घरालाही.
- 'लवकर बदला' बोनस २० टक्के. फक्त स्वतः राहणाऱ्या मालकाला, चालू तेलाचा बॉयलर किंवा किमान २० वर्षे जुना गॅस बॉयलर काढल्यास. हा २०२९ पासून कमी होत जाणार असे ठरले होते.
- उत्पन्न बोनस ३० टक्के. स्वतः राहणाऱ्या मालकाच्या घरचे वार्षिक करपात्र उत्पन्न ४०,००० युरोपर्यंत असल्यास.
- कार्यक्षमता बोनस ५ टक्के. जमिनीतून किंवा पाण्यातून उष्णता घेणारा, अथवा प्रॉपेनसारखे नैसर्गिक शीतक वापरणारा हीट पंप असल्यास.

सगळी बेरीज कितीही झाली तरी ७० टक्क्यांवर गाडी थांबते. शिवाय एका कुटुंबाच्या घरासाठी फक्त ३०,००० युरोपर्यंतचा खर्च धरला जातो. म्हणजे जास्तीत जास्त २१,००० युरो.

दुसरी वाट, करसवलत. आयकर कायद्याचे कलम ३५ सी, २०२० पासून लागू, आणि २०२९ अखेरपर्यंतच्या कामांसाठी. खर्चाच्या २० टक्के रक्कम तीन वर्षांत थेट करातून वजा होते: पहिल्या वर्षी ७, दुसऱ्या वर्षी ७ आणि तिसऱ्या वर्षी ६ टक्के. एका घरामागे कमाल ४०,००० युरो. घर दहा वर्षांहून जुने हवे, त्यात तुम्ही स्वतः राहत असले पाहिजे, काम करणाऱ्या कंपनीने ठरावीक नमुन्यातला दाखला दिला पाहिजे आणि पैसे बँकेतून गेले पाहिजेत. रोख दिलेत तर सवलत गेली. नवा गॅस बॉयलर २०२३ पासून या सवलतीत बसत नाही.

आता हिशोब

समजा हिल्डनमधले एक घर. दोघेही नोकरी करतात, पंचवीस वर्षे जुना गॅस बॉयलर, प्रॉपेनवर चालणाऱ्या हीट पंपाचा एकूण खर्च ३२,००० युरो. अनुदानाच्या वाटेने ३० अधिक २० अधिक ५, म्हणजे ५५ टक्के, पण ३०,००० वरच. हातात १६,५०० युरो. करसवलतीच्या वाटेने ३२,००० चे २० टक्के, म्हणजे तीन वर्षांत मिळून ६,४०० युरो. फरक दहा हजारांचा! हीट पंपासाठी अनुदानच घ्यावे, यात शंका नाही.

जाहिरातीतले '७० टक्के' मात्र आपल्या बहुतेक घरांना मिळत नाहीत. दोन पगार आले की करपात्र उत्पन्न ४०,००० च्या वर जातेच. ज्या घरात एकच पगार आहे त्यांनी मात्र आशा सोडू नये. मर्यादा करपात्र उत्पन्नाची आहे, एकूण पगाराची नाही. विमा आणि इतर वजावटी गेल्यावर रक्कम चाळीस हजारांच्या खाली येऊ शकते. अर्जाच्या आधीचे दुसरे आणि तिसरे वर्ष यांची सरासरी धरतात. २०२६ मध्ये अर्ज असेल तर २०२३ आणि २०२४ चे कर निर्धारण पत्र, म्हणजे श्टॉयरबेशाइड, काढून बघा. त्या काळात पती किंवा पत्नीला नोकरी नव्हती, एक जण बाळासाठी घरी होते, असे असेल तर आज दोन पगार असूनही बोनस बसू शकतो. हा मुद्दा आपल्या तरुण कुटुंबांसाठी लाखमोलाचा आहे.

आता दुसरे उदाहरण. तेच घर, पण काम खिडक्या बदलण्याचे, खर्च २०,००० युरो. खिडक्या आणि भिंतींच्या उष्णतारोधनाचे अनुदान बाफा या दुसऱ्या संस्थेकडून मिळते आणि ते १५ टक्के असते. घराचा नूतनीकरण आराखडा आधी करून घेतला असेल तर २० टक्के. म्हणजे ३,००० किंवा ४,००० युरो, त्यासाठी ऊर्जा सल्लागार सक्तीचा आणि अर्ज आधी. करसवलतीतही ४,००० युरोच मिळतात, पण तीन वर्षांत, आणि कागदपत्रे कमी. इथे करसवलत सरळ बरी. शिवाय हे वेगळे काम असल्यामुळे हीट पंपाला अनुदान आणि खिडक्यांना करसवलत अशी वाटणी चालते.

थोडक्यात काय, तर हीटिंगला अनुदान, खिडक्या-भिंतींना बहुधा करसवलत.

कुठे पैसे बुडतात

पहिली गोष्ट, क्रम. काएफवेच्या वाटेने आधी कंपनीशी करार करायचा, पण त्या करारात 'अनुदान मंजूर झाले तरच हा करार लागू' अशा अर्थाचे कलम हवे. मग कंपनीकडून अर्जासाठीचा दाखला घ्यायचा, मग काएफवेच्या संकेतस्थळावर अर्ज, मग मंजुरी, आणि नंतर काम. आधी काम आणि मग अर्ज केला तर अनुदान शून्य. तेव्हा उरते फक्त करसवलत. आपल्याकडे 'आधी काम करून घेऊ, कागद नंतर बघू' अशी सवय असते. इथे त्या सवयीची किंमत दहा हजार युरो आहे.

दुसरी गोष्ट, हप्ते. म्युनिकमधल्या सर्वोच्च कर न्यायालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये निकाल दिला की हीटिंगचे बिल हप्त्यांनी फेडत असाल तर पूर्ण रक्कम फिटेपर्यंत कलम ३५ सी ची सवलत सुरूच होत नाही. करसवलत हवी असेल तर कंपनीच्या बिनव्याजी हप्त्यांच्या मोहात पडू नका.

तिसरी गोष्ट, कर पुरेसा हवा. सवलत करातून वजा होते, आणि त्या वर्षी कर कमी भरला असेल तर उरलेली रक्कम पुढच्या वर्षात जात नाही, परतही मिळत नाही. एक जण पालकत्व रजेवर असताना हे काम काढणे महागात पडू शकते.

चौथी गोष्ट खास आपल्यासारख्यांची. करसवलत तीन वर्षांची आहे आणि त्या प्रत्येक वर्षी घर तुमच्या स्वतःच्या राहण्याचे असले पाहिजे. कंपनीने दुसऱ्या वर्षी म्युनिकला पाठवले, किंवा आई-वडिलांसाठी भारतात परत जायचे ठरले आणि घर भाड्याने दिले, तर पुढच्या वर्षांचे हप्ते गेले. जर्मन शेजारी एका घरात चाळीस वर्षे काढतो, म्हणून त्याला हा धोका दिसत नाही. आपल्या घरात 'अजून किती वर्षे इथे?' हा प्रश्न दर दिवाळीला निघतो. त्याचे उत्तर पक्के नसेल तर लगेच हातात येणारे अनुदान तीन वर्षांच्या आश्वासनापेक्षा बरे.

फ्लॅट आणि भाड्याचे घर

फ्लॅट असेल तर एकट्याने निर्णय होत नाही, मालक संघाची सभा लागते. पण इथेही गणित चांगले आहे. पहिल्या घराला ३०,०००, दुसऱ्या ते सहाव्याला प्रत्येकी १५,००० आणि सातव्यापासून ८,००० असा खर्च धरतात. दहा फ्लॅटच्या इमारतीला १,३७,००० युरोपर्यंत. त्याचे मूळ ३० टक्केच ४१,१०० युरो होतात. सभेला न जाता नुसते मुखत्यारपत्र देणाऱ्यांनी यंदा जरूर जावे.

ड्युसेलडॉर्फमध्ये तिसरा पर्यायही आहे, तो म्हणजे फेर्नवेर्मे, पाइपमधून येणारी उष्णता. श्टाटवेर्के ड्युसेलडॉर्फचे लाउसवार्ड येथील 'फोर्टुना' केंद्र २०१६ मध्ये सुरू झाले, तेव्हा वीजनिर्मितीच्या कार्यक्षमतेचा विक्रम त्याच्या नावावर होता, आणि ते शहराला ३०० मेगावॉटपर्यंत उष्णताही देऊ शकते. फ्लिंगर्नमध्ये कचरा जाळून होणारी उष्णताही याच जाळ्यात जाते. जोडणीच्या खर्चाला काएफवेचे मूळ अनुदान मिळते. पण दोन गोष्टी ध्यानात ठेवा. फोर्टुना अजून नैसर्गिक वायूवर चालते, आणि फेर्नवेर्मेमध्ये विक्रेता बदलता येत नाही. दर कसा वाढतो ते कलम सही करण्याआधी वाचा. आपल्या रस्त्यावर पाइप येणार की नाही हे शहराच्या उष्णता आराखड्यात बघायचे. पाइप येणार असेल तर घाईने हीट पंप लावण्यात अर्थ नाही.

आता भाड्याने राहणारे, म्हणजे आपल्यातले बहुसंख्य. त्यांना वाटते हा विषय आपला नाही. तसे नाही. गॅसवरचा कार्बन कर २०२१ मध्ये टनाला २५ युरो होता, तो २०२५ मध्ये ५५ झाला. २०२३ पासून हा खर्च एकट्या भाडेकरूवर टाकता येत नाही. घर जितके गळके, तितका मालकाचा वाटा मोठा, अगदी ९५ टक्क्यांपर्यंत. ८० चौरस मीटरच्या फ्लॅटला वर्षाला १६,००० युनिट गॅस लागत असेल तर सुमारे २.९ टन कार्बन डायऑक्साइड होतो. २०२५ च्या दराने करासह जवळपास १९० युरो. अशा घरात अर्धा वाटा, म्हणजे सुमारे ९५ युरो, मालकाचा. गॅसचा करार तुमच्या स्वतःच्या नावावर असेल तर मालकाकडे ही रक्कम तुम्हालाच मागावी लागते, बिल आल्यापासून बारा महिन्यांच्या आत. मागितली नाही तर कोणी आणून देत नाही!

शिवाय वार्षिक नेबेनकोस्टेनच्या हिशोबात धुराड्याची तपासणी, हीटिंगची देखभाल यांची मजुरी असते. तिच्या २० टक्के रक्कम कलम ३५ ए खाली भाडेकरूच्या करातून वजा होते. दरवर्षी कर विवरण भरताना तो कागद जोडा.

हीट पंप परवडतो का?

अनुदान कितीही असो, यंत्र पुढे वीस वर्षे चालवायचे असते. समजा घराला वर्षाला २०,००० युनिट उष्णता लागते. गॅस १२ सेंटने घेतला तर २,४०० युरो. हीट पंप एका युनिट विजेतून साडेतीन युनिट उष्णता देत असेल आणि वीज २७ सेंट असेल तर सुमारे १,५४० युरो. पण घर गळके असेल आणि एका युनिटला अडीचच युनिट मिळत असतील तर २,१६० युरो, म्हणजे बचत जेमतेम. म्हणून कंपनीला पहिला प्रश्न 'अनुदान किती' हा न विचारता 'माझ्या घरात वर्षाची सरासरी किती येईल' हा विचारा, आणि उत्तर लेखी घ्या. थंडीत रेडिएटरचे पाणी ५५ अंशांवर ठेवून घर उबदार राहते का, हे या हिवाळ्यात स्वतः करून बघा. राहत असेल तर हीट पंपाला घर तयार आहे.

उन्हाळ्याचाही विचार करा. २५ जुलै २०१९ रोजी इथून जवळच्या ट्योनिसफोर्स्टला आणि डुइसबुर्गला ४१.२ अंश तापमान नोंदले गेले, जर्मनीचा विक्रम. नागपूरकर हसतील, पण नागपूरच्या घरात पंखा आणि कूलर असतो, इथे काहीच नसते. बरेच हीट पंप उन्हाळ्यात घर थंडही करतात. नुसत्या एसीला अनुदान नाही, पण घराची मुख्य हीटिंग म्हणून बसवलेल्या हवेच्या हीट पंपाला अटी पूर्ण केल्यास मिळते.

थांबावे की करावे?

सरकारी सवलतीच्या भरवशावर किती राहावे, याचे ताजे उदाहरण अमेरिकेत आहे. तिथे हीट पंपावर ३० टक्के, कमाल २,००० डॉलरची करसवलत होती. २०२२ च्या कायद्याने ती २०३२ पर्यंत चालणार होती. जुलै २०२५ मध्ये नवा कायदा झाला आणि ३१ डिसेंबर २०२५ ला ती संपली. न्यू जर्सीतल्या नातेवाइकांना विचारा. जर्मनीतही नोव्हेंबर २०२३ मध्ये घटनात्मक न्यायालयाने हवामान निधीतले ६० अब्ज युरो रद्द ठरवले तेव्हा काही अनुदाने एका रात्रीत थांबली होती. लोकांनीही हे ओळखले आहे. देशात हीट पंपांची विक्री २०२३ मध्ये ३,५६,००० होती, गोंधळामुळे २०२४ मध्ये १,९३,००० वर आली, आणि २०२५ च्या पहिल्या सहामाहीत तिने प्रथमच गॅस बॉयलरला मागे टाकले.

आमचे मत असे. बॉयलर दहा वर्षांचा आणि ठणठणीत असेल तर घाई नको, आधी खिडक्या आणि छत बघा. वीस वर्षांच्या पुढे गेला असेल तर तो जानेवारीत बंद पडण्याची वाट बघू नका. घर गारठलेले असताना सही केलेला करार नेहमी महाग पडतो आणि क्रमही चुकतो. भारतात परतण्याचा विचार दोन-तीन वर्षांत असेल तर अनुदानाचीच वाट धरा. आणि सही करण्याच्या दिवशी लागू असलेला नियम काएफवेच्या संकेतस्थळावर स्वतः वाचा, विक्रेत्याच्या पत्रकावर नव्हे.

निष्पक्ष सल्ला हवा असेल तर आपल्याच शहरात मुख्यालय असलेल्या फेरब्राउखरत्सेन्त्राले या ग्राहक संस्थेची ऊर्जा सल्ला सेवा आहे. त्यांचा माणूस घरी येऊन बघतो, आणि त्याला काही विकायचे नसते. जर्मन कागदांची भीती वाटत असेल तर मंडळाच्या पुढच्या भेटीला करार आणि कर निर्धारण पत्र घेऊन या. ज्यांनी हे काम केले आहे त्यांनी शेजारी बसून पाच मिनिटे दिली तरी एखाद्या घराचे हजारो युरो वाचतील. आपले मंडळ त्यासाठीही आहे.

हिवाळा सुखाचा जावो!